जर्मनी ते मस्कत, मार्गे माझं वेळापत्रक

माझ्या थोरल्या भावाला जर्मनीत दोन दिवस विनाकारण झोपवून ठेवणारा माणूस मीच.

यात अण्णाचा काहीही दोष नव्हता. तो सांगितलेलं ऐकणारा माणूस होता आणि सांगणारा मी होतो. अण्णाला जाऊन आता आठ महिने झाले. लोक भेटायला येतात, त्याच्याबद्दल चार चांगल्या गोष्टी बोलतात आणि मग कुणीतरी हमखास विचारतं, "तो मोटरसायकलचा काय किस्सा होता हो?" मग मी चहा ठेवायला आत जातो. पण किती वेळा चहा ठेवणार? म्हणून एकदाचं लिहून टाकतो. सावकाश लिहितो आहे, कारण मी घाई केली की काय होतं ते पुढे येईलच.

दोन हजार सालानंतरची ती पहिली एक-दोन वर्षं. मस्कतमध्ये वादी कबीरला आम्ही चौघं राहायचो. अण्णा, वहिनी, त्यांची मुलगी सायली आणि मी, शरद. अण्णा जवळच्याच एका वर्कशॉपमध्ये फोरमन होता. मी शाळेत ग्रंथपाल. लग्न केलं नव्हतं. (करायचं ठरवत होतो, पण वेळापत्रक जमेना.) सायली नववी संपवून दहावीत जाणार होती आणि मराठी अशी बोलायची, की प्रत्येक वाक्याला तिला वाटेत थांबून दम घ्यावा लागे.

एका दुपारी जेवताना अण्णा म्हणाला, "मी या सुट्टीत जर्मनीला जातो."

वहिनींनी वाढता वाढता डाव हवेतच थांबवला. "कशाला?"

"मोटरसायकल आणायला."

"विमानात घेतात मोटरसायकल?"

"विमानात कशाला? चालवत आणणार. जर्मनी, ऑस्ट्रिया, इटली, ग्रीस, तुर्कस्तान, इराण. मग बोटीने शारजा आणि तिथून घरी."

वहिनींनी भात वाढला, आमटी वाढली आणि मगच बोलल्या. "म्हणजे इथून विमानाने एवढं लांब जायचं आणि मोटरसायकलवर बसून परत इथंच यायचं. मग इथंच थांबलात तर?"

प्रश्न रास्त होता. पण कारण होतं. पूर्वी वर्कशॉपमध्ये नवी यंत्रं बसवायला वॉल्टर नावाचा एक जर्मन इंजिनीअर सहा महिने राहिला होता. वहिनींच्या हातचं सुरमईचं कालवण खाऊन खाऊन तो घरचाच झाला होता. जाताना अण्णाला म्हणाला होता, "माझ्या शेडमध्ये एक जुनी मोटरसायकल आहे. माझे गुडघे गेले. तू ये आणि घेऊन जा." लोक असं बोलतात आणि विसरतात. पण एक बोलणारा जर्मन होता आणि दुसरा ऐकणारा अण्णा. दोघंही विसरले नाहीत!

"बावीस वर्षं लोकांच्या गाड्या चालवतोय," अण्णा म्हणाला, "त्याही फक्त त्यांचं काय बिघडलंय ते बघायला. वर्कशॉपच्या फाटकापासून सिग्नलपर्यंत आणि परत. एकदा मला न बिघडलेली गाडी चालवायची आहे. सिग्नलच्या पुढे."

वहिनींनी त्याला आणखी डावभर भात वाढला. आमच्या घरात त्याला परवानगी म्हणत.

खरी परवानगी अर्बाबची हवी होती. अर्बाब म्हणजे वर्कशॉपचा मालक, उमदा ओमानी माणूस, पण शब्दाचा पक्का. दोन्ही बाजूंनी पक्का. तो म्हणाला, "तीन हफ्ता. उसके बाद सॅटर्डे सुबह आठ बजे तुम इधर. नहीं तो खलास. गर्मी का सीझन है, सब गाडी का एसी मरता है."

'खलास' हा शब्द आम्हाला नीट कळत होता. नोकरी गेली की व्हिसा गेला, व्हिसा गेला की फ्लॅट गेला आणि सायलीची दहावी अर्ध्यात लटकली. म्हणजे प्रवास करायचा तर वेगाने करायचा, आणि वेगाने करायचा तर नियोजन हवं. आणि नियोजनाला घरात पदवीधर ग्रंथपाल हजर होता!

मी कामाला लागलो. नकाशे काढले, अंतरं मोजली, बोटींचे दिवस शोधले. इटलीतून बोटीने ग्रीसला गेलं तर युरोपातले चारही देश एकाच व्हिसात बसतात, हा शोध माझा. (एवढा एक बरोबर होता, म्हणून मुद्दाम सांगतो.) सामानाच्या वजनाचा अंदाज यावा म्हणून अण्णाने इब्री गावातल्या एका दुकानदार मित्राची मोटरसायकल चार दिवस मागून आणली आणि सामान म्हणून मला मागे बसवून कुरुमच्या किनाऱ्यापर्यंत नेलं. परत आल्यावर वहिनींनी विचारलं, "कशी काय झाली फेरी?"

"गाडी चांगली आहे," अण्णा म्हणाला. "सामान ओरडतं फार."

वेळापत्रक अकरा पानांचं झालं. कुठल्या दिवशी कुठून कुठे, पेट्रोल कुठे, मुक्काम कुठे, कोणतं सरकारी काम कोणत्या वारी. यात सगळ्यात नाजूक काम पहिलंच होतं. जर्मनीत गाडी अण्णाच्या नावावर करायची, परदेशी न्यायची खास नंबरप्लेट घ्यायची आणि मग 'कार्ने' नावाचं पुस्तक मिळवायचं. हे पुस्तक म्हणजे गाडीचा पासपोर्ट. ते नसलं तर तुर्कस्तानच्या पुढे इराणवाले गाडीला आत घेत नाहीत. दोन ऑफिसं, दोन दिवस. मी हिशेब बसवला. बुधवारी संध्याकाळचं विमान, गुरुवारी सकाळी जर्मनी. गुरुवार-शुक्रवार साप्ताहिक सुट्टी, म्हणून पूर्ण विश्रांती. शनिवारी नंबरप्लेट, रविवारी कार्ने आणि सोमवारी सकाळी गाडीला किक!

ज्यांनी ओमानात दिवस काढलेले नाहीत ते एव्हाना हसत असतील. पण मला तिथे अठरा वर्षं झाली होती. अठरा वर्षं माझी शाळा गुरुवारी-शुक्रवारी बंद आणि शनिवारी सकाळी उघडत होती. सूर्य पूर्वेला उगवतो आणि शनिवारी कामावर जायचं असतं, यात मला कधी शंका आली नव्हती. शिवाय मी पुरावा गोळा केला होता. व्हिसासाठी ज्या ज्या वकिलातीत गेलो, त्या सगळ्या, अगदी युरोपातल्यासुद्धा, गुरुवारी-शुक्रवारी बंद! दारावर तशी पाटी! यावरून शहाण्या माणसाने काय समजायचं?

सायलीने अकरा पानं शाळेच्या कॉम्प्युटरवर इंग्रजीत टाइप करून दिली, म्हणजे सीमेवर कुणालाही दाखवता येतील.

"काका, धिस इज सो प्रोफेशनल," ती म्हणाली.

मी नम्रपणे मान खाली घातली. मला वाटतं, नम्रपणे घातलेली ती शेवटचीच; पुढच्या सगळ्या शरमेने.

अण्णा गेला. पुढचं मला वॉल्टरच्या पत्रातून आणि अण्णाच्या तोंडून तुकड्यातुकड्यांनी कळलं.

गुरुवारी सकाळी वॉल्टर त्याला घ्यायला आला आणि म्हणाला, "चल, आधी ऑफिसचं काम उरकू. आज दुपारपर्यंत उघडं आहे."

अण्णाने माझं पान दुसरं काढून दाखवलं. "आज नाही. आज विश्रांती."

वॉल्टरला वाटलं, आमच्यात गुरुवार पाळत असतील. तो सभ्य माणूस, दुसऱ्याच्या धर्मात तोंड घालणाऱ्यातला नव्हे. त्याने हळूच विचारलं, "मग जेवायला मांस चालेल?" आता योगायोग बघा. अण्णा खरोखरच गुरुवार करायचा! तो म्हणाला, "नाही, आज नको." वॉल्टरची खात्रीच पटली. त्याच्या बायकोने भाजलेलं डुक्कर झाकून ठेवलं आणि कोबीचं सूप केलं. दुसऱ्या दिवशी वॉल्टरने विचारलं, "आज जायचं? शुक्रवारी ऑफिस बारापर्यंत असतं." अण्णाने पुन्हा पान दुसरं दाखवलं. वॉल्टर मनात म्हणाला, दोन दिवसांचं व्रत असेल. पुन्हा कोबी. अण्णा नदीकाठच्या बाकावर बसून राहिला, आणि झाकलेलं डुक्कर आमच्या धर्माविषयीच्या आदरापोटी शेजाऱ्यांनी संपवलं.

शनिवारी सकाळी अण्णा अंघोळ करून, भांग पाडून, फाइल काखेत मारून दारात उभा. "चला, ऑफिसला!"

वॉल्टर लुंगीत होता. (अण्णानेच भेट दिलेली.) तो म्हणाला, "आज? आज तर शनिवार!"

त्या दिवशी दुपारी आमचा फोन वाजला.

"शऱ्या," अण्णा म्हणाला. तो मला शऱ्या म्हणाला की मी सातवीत असल्यासारखा उभा राहायचो. "इथं सगळं बंद आहे."

"कसं शक्य आहे? शनिवार आहे आज!"

"तेच सांगतोय. शनिवार आहे."

"उद्या?"

"उद्या तर चर्चच्या घंटेशिवाय काही हलत नाही म्हणतो वॉल्टर. अरे, गुरुवारी हा माणूस मला हाताला धरून नेत होता! मी झोपलो! तुझं ऐकून झोपलो!"

मी फोन ठेवला. मागे वहिनी उभ्या होत्या. मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "भाऊजी, लहानपणी गावाला तुम्हाला रविवारीच सुट्टी होती ना?"

"हो."

"मग ती कुठं ठेवलीत?"

दोन दिवस गेले होते. इटलीची बोट चुकणार, सगळी अकरा पानं ढासळणार. मी लाल पेन घेऊन बसलो आणि तिसऱ्या पानावर रडकुंडीला आलो. तेव्हा सायली म्हणाली, "काका, व्हाय बाय हँड? कॉम्प्युटरवर एक... एक काय म्हणतात... एक युक्ती आहे. जुना वर्ड टाकायचा, नवा टाकायचा, बटण दाबलं की सगळीकडे चेंज."

शाळेत जाऊन आम्ही 'गुरुवार-शुक्रवार'च्या जागी 'शनिवार-रविवार' टाकलं. तिने बटण दाबलं. एका क्षणात अकरा पानांमधले सगळे वार बदलले! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मानवजात कुठल्या कुठे गेली होती आणि मी अजून लाल पेन धरून होतो! एकही पान न वाचता मी ते वॉल्टरकडे फॅक्स केलं.

न वाचता. ग्रंथपालाने.

बुधवारी सकाळी अण्णा निघाला. एकोणपन्नासाव्या वर्षी, वॉल्टरच्या जुन्या कातडी जाकिटात, वहिनींनी दिलेला लसणीच्या चटणीचा डबा हँडलला बांधून. पुढचे दोन आठवडे आमचं घर फोनवर जगत होतं. फोन एक मिनिटाचा असायचा.

"ऑस्ट्रिया पार! काय थंडी आहे रे! बोटं वळत नाहीत!"

"बोटीवर आहे. गाडी खालच्या मजल्यावर बांधलीय, मी वरच्या."

"तुर्कस्तान! इथला पोलीस म्हणाला, ओमान? मोटरसायकलवर? मग त्याने चहा पाजला. दोन तास गेले."

"दोन तास कशाला घालवलेस?" मी ओरडायचो.

"तो दुसरा कप आणायला गेला, मी काय करू?"

वहिनी एरवी फोनवर फक्त "जेवलात का?" एवढंच विचारत. पण एकदा फोन ठेवल्यावर मला म्हणाल्या, "आवाज बघितलात का त्यांचा? लग्नाआधी पत्रं लिहायचे, तेव्हाचा वाटतो." मग लगेच म्हणाल्या, "मोटार वेळेत आली म्हणजे झालं." त्या मोटरसायकलला शेवटपर्यंत मोटारच म्हणत.

अण्णाने गाडी अशी हाणली, की इराणात शिराझला पोचेपर्यंत हुकलेला बराचसा वेळ भरून निघाला. मंगळवारी दुपारी त्याचा फोन आला. "शऱ्या, उद्या पहाटे निघालो तर उद्याच बंदरावर पोचतो. कस्टमचं काम उद्याच करून टाकतो."

समोर माझं नवं वेळापत्रक होतं. बंदर अब्बास: साप्ताहिक सुट्टी शनिवार-रविवार. म्हणजे गुरुवारी आणि शुक्रवारी कस्टम सताड उघडं! मला भावाची दया आली. म्हटलं, एवढा दमला आहे, चूकही माझीच होती, जरा भरपाई करावी.

"अण्णा, घाई करू नकोस," मी प्रेमाने म्हणालो. "उद्याचा दिवस शिराझमध्ये आराम कर. गुरुवारी आरामात पोच. गुरुवारी कस्टम, शुक्रवारी बोट, शनिवारी पहाटे घर, आठला कामावर."

"नक्की?"

"पानावर लिहिलंय!"

तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या लक्षात यायला गुरुवारची दुपार उजाडावी लागली.

"शऱ्या," फोन म्हणाला, आणि मी उभा राहिलो. "बंदरावर आहे. कस्टमला कुलूप."

"का?"

"हा चौकीदार हसतोय. म्हणतो, उद्या जुम्मा, आज अर्धा दिवस, आता शनिवारी या. अरे, इराण आहे हे! इथं आपल्यासारखंच असतं!"

म्हणजे आधी मी मस्कतचा शुक्रवार जर्मनीला पाठवला होता आणि आता जर्मनीचा रविवार इराणला पाठवला! सगळ्या वाटेत एकाही देशाला मी त्याचा स्वतःचा वार दिला नव्हता.

बोट आता शनिवारी संध्याकाळी. रविवारी शारजा. रविवारी रात्री, फार तर सोमवारी सकाळी मस्कत. आणि अर्बाबची वेळ होती शनिवारी सकाळी आठ.

शुक्रवार उजाडला. सायलीने दहावीची नवी पुस्तकं, जी तिने कव्हरं घालून ठेवली होती, ती परत पिशवीत भरली. मी विचारलं, "हे काय?" ती म्हणाली, "सामान बांधायला सोपं जाईल." ते वाक्य मात्र तिने एका दमात, शुद्ध मराठीत म्हटलं. मला त्या मुलीच्या तोंडून शुद्ध मराठी ऐकण्याची फार हौस होती. ती तिथे फिटली.

शनिवारी साडेसातला मी वर्कशॉपच्या फाटकात जाऊन उभा राहिलो. आयुष्यात कधी कुणापुढे हात जोडले नव्हते. त्याची तालीम केली. आठला अर्बाबची गाडी आली.

"उस्ताद!" मी शाळेतला म्हणून तो मला उस्ताद म्हणायचा. "तुम इधर? फोरमन किधर?"

मी सांगायला सुरुवात केली, पण धड बोलता येईना. शेवटी पुरावा म्हणून अकरा पानं त्याच्या हातात दिली. म्हटलं, चूक माझी आहे, त्याची नाही. मीच त्याला जर्मनीत झोपवलं, मीच शिराझला थांबवलं. काय खलास करायचं ते मला करा.

अर्बाब गाडीच्या बॉनेटवर पानं पसरून वाचू लागला. जर्मनी वाचली. इटली वाचली. इराणपाशी त्याने माझ्याकडे एकदा वर बघितलं. मग शेवटचं पान काढलं आणि मोठ्याने वाचलं. "मस्कत. सॅटर्डे-संडे. वीकली हॉलिडे. वर्कशॉप क्लोज्ड."

मी वाकून पान बघितलं. ते बटण ओमानपर्यंत पोचलं होतं!

मागे वर्कशॉपमध्ये हातोडे चालू होते, टायर फुटल्यासारखे आवाज येत होते, कुणीतरी एसी नसलेल्या गाडीत बसून शिव्या देत होतं. अर्बाबने त्या सगळ्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

"उस्ताद, हमारा छुट्टी भी चेंज कर दिया? किसको पूछा?"

"कॉम्प्युटरने केलं," मी म्हणालो. (पुढच्या आयुष्यात हे वाक्य मी फार लोकांच्या तोंडून ऐकलं. पहिला मीच असेन.)

अर्बाब हसला. आधी तोंडाने, मग पोटाने, मग बॉनेटला धरून. आतून मेकॅनिक धावत आले. मग डोळे पुसून त्याने शेवटचं पान घडी घालून खिशात ठेवलं.

"ठीक है. इस पेपर में लिखा है, आज वर्कशॉप बंद. कल भी बंद. उस्ताद ने लिखा है, तो बंद. मंडे, सुबह आठ बजे. मंडे नहीं आया..."

"खलास," मी म्हणालो.

"इन्शाल्ला नहीं," तो म्हणाला. "इन्शाल्ला आएगा."

सोमवारी सात वाजल्यापासून आम्ही तिघं फाटकात उभे. सव्वासात. साडेसात. वहिनी पदराने सारखा चेहरा पुसत होत्या. पावणेआठला सायलीने कान टवकारले. "काका, हे इंजिन इथलं नाहीये."

वळणावरून एक काळी मोटरसायकल आली. तिच्यावर धुळीचा एक माणूस होता. धुळीत दोन डोळे आणि दात तेवढे दिसत होते, आणि सगळे दात दिसत होते. सिग्नल लाल होता. अण्णा थांबला, हिरवा झाल्यावर शिस्तीत निघाला, फाटकातून आत आला आणि आठला पाच कमी असताना त्याने इंजिन बंद केलं.

वहिनी पुढे गेल्या. सव्वीस दिवसांनी नवरा दिसला होता. म्हणाल्या, "चटणी संपली का?"

"तुर्कस्तानातच," अण्णा म्हणाला. "तो पोलीस निम्मी खाऊन गेला."

अर्बाबने गाडीभोवती एक चक्कर मारली, टाकीवर थाप मारली आणि म्हणाला, "यल्ला, मुँह धोके आओ. चार गाडी का एसी पेंडिंग है." आणि अण्णा खरोखर तोंड धुऊन कामाला लागला. सायलीने पिशवीतली पुस्तकं घरी जाऊन परत फळीवर लावली.

त्यानंतर कित्येक वर्षं लोक अण्णाला विचारत, "एवढ्या प्रवासात सगळ्यात भारी काय होतं?" त्यांना आल्प्सचे डोंगर ऐकायचे असत, इस्तंबूलचा पूल ऐकायचा असे. अण्णा विचार करून सांगायचा, "जर्मनीतले पहिले चार दिवस. दोन दिवस मी नदीकाठी नुसता बसलो. पुढचे दोन दिवस वॉल्टरने मला त्याच्या कारमधून गावभर फिरवलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा चार दिवस कुणी माझ्याकडे बिघडलेली गाडी आणली नाही. आणि दुसरं म्हणजे शिराझ. एका बागेत संत्र्याच्या झाडाखाली आडवा झालो, तो संध्याकाळीच उठलो. एक म्हातारा शेजारी बसून माझ्या गाडीवर लक्ष ठेवत होता."

आजारपणातही तो हेच सांगायचा. डोळे मिटून, झाडाखाली असल्यासारखा.

म्हणजे मी चुकवलेले पाच दिवस. बाकीचे सगळे दिवस मी अगदी अचूक, तासांनिशी लिहून दिले होते. त्यातला एकही त्याच्या लक्षात राहिला नाही.